नांदुऱ्याच्या गाडीनं आलेला तोतया

चौदा महिन्यांनी हिंमतराव जेलातून घरी आला तो गेला होता तसाच आला. फक्त पोट उतरलं होतं आणि कारस्थान वाढलं होतं.

ग्रामपंचायतीच्या मोजणीत त्याचं पॅनल नऊ मतांनी पडलं होतं. त्या दुपारी त्याच्यासकट पॅनलच्या सतरा जणांनी मोजणीच्या हॉलची दारं मोडली, खुर्च्या रस्त्यावर फेकल्या, समोरच्या पॅनलवर दगड मारले आणि हॉलपुढं उभा असलेला गीताबाईचा भाजीचा हातगाडा उलटवला. वांगी रस्ताभर लोळली, मेथीवरून बूट गेले. गाड्याखाली गीताबाईचं डावं मनगट सापडलं. ते पुढं बसलं, पण वाकडं बसलं.

जेलात सतराही जण एकत्र. बसल्या बसल्या बाया जशी गोधडी शिवतात, तशी त्यांनी तुकड्या-तुकड्यांनी एक गोष्ट शिवली. सातपुड्यातल्या टॉवरवरून कुणीतरी मशीनचं बटन दाबत होतं. सतरांतल्याच पुंजाजीच्या मताले मशीन लांब वाजलं, त्याच्या साळ्याच्या मताले आखूड, म्हणजे गडबड उघडच होती. दगड तर समोरच्यांनी स्वतःलाच मारून घेतले.

राहिला त्या दुपारी कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ. त्यात पिवळ्या चौकडीचा गमछा बांधलेला एक माणूस दोन्ही हातांनी गाडा उलटवताना दिसतो. नाक हिंमतरावाचं, कानावरचा तीळ हिंमतरावाचा. हिंमतराव म्हणे, तो आपला तोतया. हुबेहूब माणूस शोधून समोरच्यांनी त्याला रेल्वेनं नांदुऱ्याला उतरवला आणि तिथून एसटीत बसवला. पुरावा काय, असं कुणी विचारलं, तर तोच उलट विचारी, त्या दिवशी गाडी लेट होती का नाही? गाडी रोजच लेट असायची, त्यामुळं पुरावा कधी जुना झाला नाही.

अन्नपूर्णाबाईनं नवऱ्याचं हे सगळं भाकरी थापता थापता ऐकलं आणि भाकरीबरोबरच परतून टाकलं. पण लेकीचं, योगिनीचं लग्न ठरलं, तेव्हा गोष्ट घरात शिरली.

आमच्या गावात हळद गाण्यावर चालते. गाणारीनं ज्याचं नाव ओवीत घेतलं, त्यानंच पुढं यायचं आणि नवरीच्या गालाला हळद लावायची. नाव आल्याशिवाय कुणी बोट बुडवत नाही, मग तो आमदार का असेना. आणि गाणारी गावात एकच, गीताबाई. तिच्याच मांडीवर योगिनी लहानाची मोठी झालेली.

योगिनी स्वतः बोलावणं घेऊन गेली. गीताबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि येईन म्हणाली. फक्त एक सांगितलं, ओवीत खोटं माणूस बसत नाही, सूर मोडतो. गाडा कोणी उलटवला ते तुझ्या बापानं आधी ठरवावं.

घरी येऊन योगिनी बापापुढं बसली. "बाबा, मले तुमच्या हातची हळद पाहिजे. एकदा खरं सांगून टाका तिले."

"न केलेलं कबूल करू काय?" हिंमतराव म्हणाला आणि मांडवाला पताका बांधायला निघून गेला.

हळदीची सकाळ उजाडली. अंगणात पाटावर योगिनी, ओल्या पानासारखी. गीताबाईनं वाकडं मनगट पदराखाली घेतलं आणि सूर धरला. देऊळगावची मामी आली, तिच्या घाईवर ओवी झाली. आत्या आली, तिच्या चहावर झाली. आई आली, तेव्हा ओवी इतकी हळू झाली की चिमण्यासुद्धा गप्प बसल्या. मग बापाची पाळी. हिंमतराव नाव यायच्या आधीच वाटीत बोटं बुडवून तयार होता, गळ्यात तोच पिवळा गमछा.

गीताबाईनं त्याच्याकडं निरखून पाहिलं आणि गायली:

उभा मांडवाच्या दारी गं, गमछा पिवळ्या चौकडीचा
नवरीचा बाप नाही गं, पाहुणा नांदुऱ्याच्या गाडीचा

बाया पदरात तोंड खुपसून हसल्या. हिंमतराव म्हणाला, अहो काकू, मीच बाप आहे. गीताबाई म्हणाली, असं तो तोतयाही म्हणेल, हुबेहूब आहे ना. तीळ दाखवला, तर म्हणाली, तीळ त्यालेही होता, व्हिडिओत पाह्यला. हिंमतरावानं साक्षीला पुंजाजीकडं पाहिलं. पुंजाजी सवयीनं बोलून गेला की माणूस ओळखणं कठीणच आहे, फार मोठं कारस्थान आहे.

हिंमतरावाच्या बोटांवरून हळद कोपरापर्यंत ओघळली. योगिनीनं गाल पुढं केला होता, तो तसाच कोरडा वाट पाहत राहिला.

"काकू," तो शेवटी म्हणाला, "तो मीच होतो."

"कोण तो?"

"गाडा उलटवणारा. पण गाडा वाटेत होता."

"गाडा रोजच्या जागी होता, हिंमत. वाटेत तू होता."

हिंमतरावानं कोपरावरची हळद गमछ्याला पुसली. गीताबाईनं घसा साफ केला.

हळद लावितो गं बाप, नाव त्याचं हिंमतराव
गाडा उलटविला त्यानं गं, ऐका सारं गाव

लेकीच्या गालाला हळद लागली, आणि ती लावता लावता बापाच्या डोळ्यालाही लागली असावी, कारण तो बराच वेळ गमछ्यानं डोळे पुसत होता. शेवटी गाणारीला हळद लावायची रीत. गीताबाईनं पदराखालचा हात पुढं केला. हिंमतराव त्या मनगटाकडं पाहत राहिला.

"हे बी मीच?"

"हाव. नांदुऱ्यावाल्याच्या अंगात कुठं येवढा जोर."

त्यानं मनगटावर हळद लावली. सावकाश लावली, वाकडं होतं तिथं दोनदा लावली.

मशीनचं मात्र त्यानं सोडलं नाही. पंगतीत व्याह्यांना तो टॉवर दाखवत होता आणि बटन कसं दाबतात ते बोटानं सांगत होता. व्याह्यांनी भीत भीत विचारलं, त्या गाड्याचं काय झालं होतं म्हणे? हिंमतरावानं वरणाची वाटी खाली ठेवली, बायांच्या पंगतीत जेवणाऱ्या गीताबाईकडं एकवार पाहिलं आणि म्हणाला, "तो मी."