हरायला आलेला संघ

तैवानातल्या च्याई शहरात, मंदिरामागच्या गल्लीत टर्कीभाताची टपरी चालवणाऱ्या बाओ-जूला टोरांटोला जायचं होतं, आणि तेही ताबडतोब. तिची मुलगी फेई-रू तिकडे बाळंत झाली होती. बाळंतिणीला महिनाभर तिळाच्या तेलातली, आलं आणि तांदळाची दारू घातलेली कोंबडी मिळायला हवी, आणि ती आईच्याच हातची. जावई गुणी होता, पण त्याची मजल पावाला लोणी लावण्यापर्यंत. विमानाचं भाडं ऐकून मात्र बाओ-जूच्या हातातला डाव तसाच राहिला.

"एवढे पैसे घेऊन विमान चालवायलापण देतात का?"

समोर हुंग मास्तर भात खात बसले होते. शाळेत जन्मभर कवायत शिकवून निवृत्त झालेल्या या माणसाला स्वस्त तिकिटांचं वेड होतं. मागे एकदा बँकॉकला जायला ते आधी ओसाका, मग मनिला असे फिरत गेले आणि पोचले त्या दिवशीच परतीचं विमान होतं.

"सरळ तिकीट काढायला अक्कल लागत नाही, आ-जू," मास्तर म्हणाले. "टोरांटोत ज्येष्ठांची रस्सीखेच आहे. खेळाडूंना निम्म्याहून कमी भाडं. आठ जण जमवू. पहिल्याच फेरीत हरायचं की झालो मोकळे."

"मला कुठे येते रस्सीखेच?"

"म्हणूनच तर हरू!"

अट एकच होती. संघ हरेपर्यंत मैदान सोडायचं नाही, रात्रीही तिथेच मुक्काम. सोडलं तर आयोजक शिक्का देणार नाहीत आणि परतीचं भाडं पूर्ण पडेल.

गल्लीत आठ जण जमायला वेळ लागला नाही. कुणाला भाऊ भेटायचा होता, कुणाला धबधबा बघायचा होता. मासेवाल्या काईला चार दिवस बायकोपासून लांब राहायचं होतं. बायकोही संघात आहे हे त्याला विमानतळावर कळलं. बाओ-जूच्या बॅगेतल्या तिळाच्या तेलाच्या आणि तांदळाच्या दारूच्या बाटल्या पाहून तिथल्या पोरीने भुवया उंचावल्या, तेव्हा मास्तर छाती काढून म्हणाले, "खेळाडूंना मालिश लागतं."

टोरांटोत पहिली गाठ पडली ती मलेशियातल्या पिनांगच्या संघाशी. शिट्टी झाली. बाओ-जू सगळ्यात पुढे होती. तिने ठरल्याप्रमाणे रस्सी सैल सोडली आणि दोन पावलं पुढे सरकली. समोरची जाडजूड बाईही पुढे सरकली. मधली रस्सी झोळीसारखी लोंबू लागली. पंच धावत आला. ओढत नसाल तर दोन्ही संघ बाद, शिक्का नाही, असं त्याने हातवारे करून बजावलं. मग दोन्हीकडून जीव गेल्यासारखं कण्हणं सुरू झालं, आणि कण्हता कण्हता सगळे पुढेच येत राहिले. शेवटी दोघी नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या.

"अगं, ओढ की!" बाओ-जू दात-ओठ खात पुटपुटली.

"तूच ओढ. आम्ही हरायला आलोय," समोरची तिच्याच बोलीत म्हणाली. पिनांगची बोली जरा वाकडी, पण कळत होती.

"आम्ही आधीपासून हरायला आलोय! माझी पोर बाळंतीण आहे."

"माझा मुलगा दोन वर्षांनी भेटणार आहे."

"अय्या, मग तू जिंक. तुला आशीर्वाद देईन."

"तुझे आशीर्वाद तुझ्याकडेच ठेव, बाई!"

हे असंच चाललं असतं, पण टोकाला, कमरेला रस्सी गुंडाळून उभ्या असलेल्या मास्तरांच्या अंगात शाळा संचारली. इतकी ढिसाळ रस्सीखेच त्यांना बघवेना. "एक-दोन, खेच!" ते गरजले. काय होतंय हे कळायच्या आत लहानपणी शाळेत त्यांच्याच शिट्टीवर वाढलेल्या सातही जणांनी टाचा रोवल्या. पिनांग आडवं झालं. च्याई जिंकलं.

"मास्तर, तुमचं डोकं फिरलंय का?" काईची बायको ओरडली.

"सवय गं," मास्तर मान खाली घालून म्हणाले. गालात मात्र हसत होते.

बाओ-जूला रडू फुटलं. तेवढ्यात ती जाडजूड बाई, लिम साऊ-हून, कपडे झटकत आली. हरल्यामुळे ती भलतीच खुशीत होती.

"माझा मुलगा संध्याकाळपर्यंत कामावर. घराला कुलूप. पत्ता दे तुझ्या पोरीचा, मी करते कोंबडी."

बाओ-जूने तेल, दारू आणि आल्याची पिशवी तिच्या हाती दिली. "आलं सोलू नको. आणि मीठ अजिबात नको."

"मला शिकवतेस? तीन सुनांची बाळंतपणं केलीत मी."

दुसऱ्या दिवशी समोर निवृत्त लाकूडतोडे होते, एकेक जण दरवाजाएवढा. आता सुटलो, असं सगळ्यांना वाटलं. पण लाकूडतोड्यांना या आजीबायांची दया आली आणि ते हळुवार ओढत राहिले. मास्तर पुन्हा गरजले आणि च्याई पुन्हा जिंकलं. भाताची पातेली उचलून उचलून बाओ-जूचे दंड किती तयार झालेत, हे तिला स्वतःलाही त्या दिवशी कळलं. खरं सांगायचं तर तिला मजा आली.

तिसऱ्या दिवशी अंतिम सामना. रस्सी ताणलेली, च्याई पुढे, एक हिसका दिला की संपलं. तेवढ्यात कडेच्या बाकांवरून ओळखीचा आवाज आला.

"आई! साऊ-हून मावशीची कोंबडी तुझ्यापेक्षा चांगली झाली गं!"

बाओ-जूने वळून पाहिलं. फेई-रू बाळाला घेऊन उभी होती. डोक्याला काही नाही, अंगात पातळ स्वेटर, आणि मैदानाशेजारच्या तळ्यावरचा वारा सुसाट. शेजारी साऊ-हून शेंगा खात बसली होती.

"ओली बाळंतीण आणि अशी वाऱ्यात?" बाओ-जूने रस्सी सोडून दिली आणि तडक बाकांकडे धावली. मागे सात जण एकमेकांवर कोसळले आणि रेषेपलीकडे फरफटत गेले. तिने कपड्यांवरून चढवलेला संघाचा शर्ट काढून पोरीच्या डोक्याला करकचून बांधला, बाळ काढून घेतलं आणि साऊ-हूनवर कडाडली, "हिला घराबाहेर कशी पडू दिलीस?"

"माझं ऐकते का ती? तुझीच पोर ना!"

मास्तर लंगडत, धुळीने माखलेले आले. ओरडायला तोंड उघडलं, पण बाळाने जांभई दिली, तशी त्यांनीही जांभईच दिली.

"हरलो ना?" बाओ-जूने विचारलं.

"हरलो."

"मग चला. भूक लागली असेल सगळ्यांना."

त्या संध्याकाळी फेई-रूच्या दोन खोल्यांत दोन्ही संघांचे मिळून सोळा जण बसले. कोंबडी दोन पातेल्यांत शिजली, कारण दोन्ही बायका एकमेकींना आपल्या पातेल्याला हात लावू देईनात.