राहून गेलेली दुरुस्ती

विमानाची तालीम सकाळच्या चहानंतर सुरू झाली. मास्तरांनी जेवणाच्या टेबलाजवळची खुर्ची उचलून कपाट आणि भिंत यांच्या मधल्या सांदीत ठेवली, कोपरं अंगाशी घेऊन तीत बसले आणि म्हणाले, "हं, सुटलं विमान."

"पट्टा बांधलात?" बायकोने स्वयंपाकघरातूनच विचारलं.

"बांधला."

"मग आता चुळबुळ नको. संध्याकाळी दिवे लागले की उतरायचं."

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. दुसऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढता काढता त्यांचं नाव वेलांटीमास्तर पडलं, आणि पुढे कंटाळा करून लोकांनी वेलांटीही गाळून टाकली. त्यांच्या कामाचं माप ठरलेलं होतं: एक फर्मा, एक सिगारेट. फर्म्यातली पानं वाचून संपत आली की बोटाला चटका बसायचा. कामगार म्हणायचे, मास्तरांना जाड पुस्तकं देऊ नका रे, आयुष्य कमी होतं त्यांचं.

आता नोकरी सुटली होती, पण सिगारेट होती. आणि लेकीला परदेशात मुलगा झाला होता. नातवाला बघायला दोघं निघाली होती. मधे एक विमान बदलायचं, म्हणजे झुरका न घेता अख्खा दिवस काढायचा. तोच दिवस घरी काढून बघावा, म्हणून ही तालीम.

मास्तरांनी पुस्तक उघडलं. ओळी डोळ्यांखालून जात होत्या, आत काही शिरत नव्हतं. थोड्या वेळाने बायको ताटलीत कप ठेवून आली आणि कमरेत वाकून म्हणाली, "सर, चहा की कॉफी?"

"सर काय म्हणतेस? हसू येतं."

"तिथे म्हणतात. सवय करून घ्या."

चहाने घात केला. चहामागून सिगारेट ही वाट इतकी मळलेली होती की पाय आपसूक उठले. "जरा मोकळा होऊन येतो," असं पुटपुटत ते मागच्या गॅलरीत गेले. काडी ओढल्याचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून खोकले. बायको पातेल्यातला डाव तसाच हातात घेऊन दारात उभी राहिली.

"काय हो, विमान मधेच कुठे उतरवलंत?"

"इंधन भरायला."

"मग त्या ढगातून जरा खाली बघा. माझी शाल वाळतेय तिथे. वास जाईना म्हणून पुन्हा धुतली होती."

मास्तर दोरीपासून लांब सरकले. बायको मात्र आत गेली नाही. डाव उलटा धरून ती निराळ्याच आवाजात म्हणाली, "विमानातला दिवस काढाल हो तुम्ही, रडतखडत का होईना. पण पुढे तिच्या घरी राहायचंय आपल्याला. तिथे कुठे जाणार इंधन भरायला?"

कुठेच जाता येणार नव्हतं. कारण लेकीच्या घरी त्यांनी सिगारेट केव्हाच सोडलेली होती.

झालं होतं ते असं. लेक लग्नाआधीपासून दोन गोष्टींसाठी बापाच्या मागे लागलेली होती. नोकरी सोडा, डोळे जातील. आणि सिगारेट सोडा, छाती जाईल. मास्तरांनी नोकरी सोडली त्या आठवड्यात आईने तिला फोनवर घाईघाईत सांगितलं, "अगं, सोडली हो बाबांनी एकदाची!" आणि फोन मास्तरांच्या हातात दिला.

"बाबा, खरंच सोडलीत?"

"सोडली. एक तारखेपासून."

"त्रास होत असेल ना?"

"होतो तर. हात शिवशिवतात. सकाळी उठल्यावर काय करावं सुचत नाही."

"पुन्हा नाही ना धरणार?"

"छे गं. कोणी पाया पडलं तरी नाही."

पलीकडे लेक रडायला लागली. बाप घरी बसला म्हणून पोरीला केवढा आनंद, या विचाराने मास्तरांनीही डोळे टिपले. पुढच्या फोनला ती म्हणाली, "आता बघा बाबा, जिना चढताना दम लागायचा नाही," तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. नोकरीही ती आणि सिगारेटही ती; 'सोडली' या एका क्रियापदात दोघी मावल्या होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाक्यांतले असले घोळ निस्तरणाऱ्या माणसाने स्वतःच्या वाक्यात कर्म गाळलं होतं.

तेव्हाच सांगायचं. पण जावई शेजारी होता, लेक आनंदात होती. पुढच्या खेपेला सांगू, असं म्हणत दिवस गेले. लेकीने सासरी सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं. मुद्रितात राहिलेली चूक एकदा यंत्रावर चढली की मग उरतं फक्त शुद्धिपत्र, आणि मागच्या पानाला चिकटवलेलं ते चिटोरं कोणी वाचत नाही, हे मास्तरांइतकं कोणाला ठाऊक असणार?

मग बाळ दिवसांआधी आलं. त्याच्या छातीत श्वास शिट्टीसारखा वाजायचा. डॉक्टरांनी बजावलं, याच्या आसपास धूर नको, कपड्यांना धुराचा वाससुद्धा नको. लेकीने घरात उदबत्तीही बंद केली. "तुमची काळजीच नाही, बाबा," ती म्हणाली होती. "मी कामावर गेले की हा तुमच्या मांडीवर."

तेव्हापासून मास्तरांची जी तयारी चालली होती ती चोराची होती. अंघोळीनंतर वास किती वेळ राहतो, लोकरीला जास्त धरतो की सुताला, हे ते आडून आडून विचारत फिरले. तिकिटं काढून देणाऱ्या माणसाकडे चौकशी केली तेव्हा तो म्हणाला, "काका, काही विमानतळांवर काचेची खोली असते. मत्स्यालयच म्हणा ना. आत धुरात माणसं उभी आणि बाहेरून येणारे-जाणारे बघतायत."

"आणि मुक्कामाला पोचल्यावर?"

"तिथे काय? मुलीचंच घर ना? सांगून टाकायचं, जावईबापू, गच्ची कुठे आहे?" आणि तो आपल्याच विनोदावर हसला होता.

मास्तरांनी गॅलरीतली सिगारेट अर्ध्यातच विझवली, हात साबणाने धुतले, नाकाशी नेऊन पाहिले. वास होताच. ते पुन्हा सांदीतल्या खुर्चीत जाऊन बसले.

"विमान पुन्हा सुटलं का?" बायकोने विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले. "तिला फोन लाव."

"आत्ता? तिथे पहाट असेल."

"बाळ उठवतंच की तिला पहाटे. लाव तू."

फोन लागला. पडद्यावर लेकीचा विस्कटलेला चेहरा आला, आणि तिच्या खांद्यावर मुठीएवढं डोकं. "बघ कोण आहे," ती बाळाला म्हणाली, "आजोबा. तुझ्यासाठी यांनी सिगारेट सोडली, माहितेय?"

"अगं, त्यात एक दुरुस्ती आहे," मास्तर म्हणाले.

"कशात?"

"त्या वाक्यात. मी नोकरी सोडली. तू विचारलंस ते मला नोकरीचं वाटलं. सिगारेट चालू आहे. आत्ताच ओढून आलोय."

पडद्यावरचा चेहरा हलेना. मास्तरांना वाटलं, फोन बंद पडला. मग तिने बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं.

"तुम्हाला कळलं कधी हे?"

"पुढच्याच फोनला."

"म्हणजे इतके महिने? बाबा, मी सगळ्यांना सांगत सुटलेय! सासऱ्यांना म्हटलं, माझ्या बाबांचं बघा जरा. आणि आई, तुलाही माहीत होतं?"

बायको मागून पुढे आली. "मला म्हणाले, मी सांगतो. म्हटलं, त्यांचं त्यांना सांगू दे."

"छान! दोघांनी मिळून वेड्यात काढलंत मला."

"तिला नको बोलूस," मास्तर म्हणाले. "धीर मला झाला नाही. वाटलं, येऊन तिथे चोरून निभावून नेऊ. पण मग त्याला मांडीवर घ्यायचं म्हणजे..."

लेकीने डोळे पुसले. राग होता की झोप, कळत नव्हतं. "मग आता यायचं की नाही ते तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "मी नाही सांगणार. मी नको म्हटलं तर जन्मभर मला ते बोचत राहील, आणि या म्हटलं तर रोज तुमचे कपडे हुंगत बसेन."

कामात कुठे शंका आली की मास्तर समासात प्रश्नचिन्ह काढत आणि पान लेखकाकडे पाठवून देत. काय ठेवायचं, काय काढायचं ते लेखकाने बघावं. त्यात त्यांची सगळी कारकीर्द निभावली होती. घरीसुद्धा भाजी कोणती आणायची इथपासून लेकीच्या लग्नापर्यंत त्यांनी प्रश्नचिन्हंच काढली होती. आता पान त्यांच्याकडेच परत आलं होतं, आणि पुढे पाठवायला कोणी नव्हतं.

"आई येईल ठरल्या दिवशी," ते म्हणाले. "माझं तिकीट पुढे ढकलतो. सिगारेट सुटली की येतो."

"अहो, मी एकटी?" बायको दचकली. "त्या एवढ्या विमानतळावर मी कुणाला काय विचारणार?"

"तोंड आहे ना? माझ्यापेक्षा बरं चालतं तुझं."

"तेवढं एक खरं बोललात."

लेकीला हसू आलं, पण तिने ते पुरतं येऊ दिलं नाही. "आणि नाही सुटली तर?"

सुटेल, असं म्हणणं सोपं होतं. ते ओठांपर्यंत आलंही. मास्तरांनी मान खाली घातली, मग पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "तर नाही सुटली म्हणून सांगेन," ते म्हणाले. "लगेच सांगेन."

तेवढ्यात बाळ कुरकुरलं. "थांबा, याला नीट घेते," म्हणत लेकीने फोन उशीला टेकवून ठेवला. पडद्यावर नुसतं छत दिसायला लागलं. तिने फोन बंद केला नव्हता. रडणं हळूहळू निवलं आणि मागे राहिला तो बारीक, शिट्टीसारखा श्वास. येत होता, अडखळत होता, पुन्हा येत होता.

मास्तर फोन कानाशी नेऊन ऐकत राहिले. नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी आपला श्वास धरून ठेवला. फार वेळ तो धरवेना. घशात खोकल्याची उबळ दाटून आली, तसा त्यांनी फोन बायकोच्या हातात दिला आणि दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.