भिंगरीची दोन बोटे

मला उचललेत तर मी थोडा खुळखुळेन, मित्रांनो. दचकू नका. मी एक जुना जुडगा आहे. किल्ल्यांचा नव्हे, रंगांचा. एका पितळी कडीत ओवलेल्या रबराच्या चकत्या, आणि प्रत्येक चकती माणसाच्या कातडीच्या एकेका रंगाची. कृत्रिम हात, बोटे आणि कान तयार करणाऱ्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. तिथेच मी आजही आहे.

कारागिराने मऊ रबरात रंगाची पूड कालवली, साच्यात ओतली, भट्टीत भाजली आणि माझ्या सहा चकत्या तयार झाल्या. पहिली फिकट गुलाबीसर होती. तिच्या पाठीवर त्याने चिठ्ठी चिकटवली, ‘नेहमीचा’. बाकीच्या पाच जणींना नुसते आकडे मिळाले. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. त्याच्या हाताचा रंग तोच होता, त्याला काम शिकवणाऱ्याचाही तोच. रबराचे तयार डबेसुद्धा त्याच एका रंगाचे येत. मग त्याला दुसरे नाव सुचावे तरी कसे?

समोरच्या खुर्चीत माणूस बसे आणि कारागीर माझी एकेक चकती त्याच्या हाताशी धरून पाही. जुळवाजुळवीला वेळ लागतो. हात धरून ठेवलेला माणूस किती वेळ गप्प बसणार? तो घरचे, दारचे बोलू लागे. मला कान नाहीत, पण जिथे कान तयार होतात तिथे राहून मी ऐकायला शिकलो. कारागिराचे मात्र ऐकण्याकडे फारसे लक्ष नसे. तो रंग बघत असे.

एके दिवशी एक आई आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी एका जागी ठरत नसे, म्हणून घरी तिला भिंगरी म्हणत. तिच्या उजव्या हाताला जन्मापासून दोन बोटे नव्हती. आठवड्यापूर्वी ओल्या लगद्यात हात बुडवून तिच्या हाताचा साचा घेऊन झाला होता, आता फक्त रंग ठरवायचा होता. पण भिंगरीने हात फ्रॉकच्या खिशात घट्ट कोंबला होता.

“परत तो गार चिखल नको,” ती म्हणाली.

“आज चिखल नाही गं, आज फक्त रंग बघायचाय,” कारागीर म्हणाला. हात काही बाहेर आला नाही.

आईने घड्याळाकडे पाहिले. “सोमवारी तिची नवी शाळा सुरू होतेय. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी तिच्याकडे बघत बसू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. तुम्ही असं करा, माझ्या हातावरून रंग घ्या.”

आईचा हात गोरा होता आणि भिंगरी ओल्या विटेच्या रंगाची. कारागीर घुटमळला. “ताई, रंग तिच्या हाताशी...”

“माझीच मुलगी आहे ती,” आई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “बागेत विचारतात, दवाखान्यात विचारतात, ही तुमचीच का म्हणून. निदान तुम्ही तरी नका विचारू.”

कारागीर ओशाळला. त्याने मला मुकाट्याने आईच्या हाताशी धरले. पहिलीच चकती जुळली. ‘नेहमीचा’. डबा तयारच होता. मी जमेल तेवढा खुळखुळलो, पण जुडग्याचे कोण ऐकतो?

शनिवारी बोटे तयार झाली. त्या दिवशी बाकावर मिस्त्रीकाकाही बसले होते. ते बसच्या डेपोत गाड्या दुरुस्त करत. त्यांचा डावा हात आमच्याच कारखान्यातला. दर वर्षी ते त्याचे पट्टे बदलायला येत, आणि बारा महिने त्या हातावर मोजा चढवलेला असे.

कारागिराने भिंगरीच्या हातावर बोटे बसवली. बसली अगदी झोकात. पण तीन बोटे तपकिरी आणि दोन गुलाबीसर. भिंगरी त्यांच्याकडे बघत राहिली.

“ही आईची बोटं आहेत,” ती म्हणाली. “माझी कुठायत?”

आईने तिच्या केसांवरून हात फिरवला. “सवय होईल गं, बाळा.”

“नाही होत हो, ताई,” बाकावरून मिस्त्रीकाका म्हणाले. “मला बारा वर्षं झाली.” त्यांनी मोजा काढला. काळसर दंडाच्या टोकाला फिकट गुलाबी हात होता. “माझे आजोबा बोटीवर कोळसा भरायला आले ते इथंच राहिले. वडील इथं जन्मले, मी इथं जन्मलो. तरी रोज कुणीतरी विचारतंच, मूळचे कुठले? मी सांगतो, डेपोतला. ते आपण हसण्यावारी नेतो. पण हा हात उघडा केला की मलाच वाटतं, हा कोण पाहुणा आला?”

कारागीर चपापला. “काका, बारा वर्षांत कधी बोलला नाहीत?”

“तुम्ही कधी विचारलं नाहीत.”

आईने भिंगरीची ती दोन बोटे आपल्या हाताशी धरून पाहिली. मग आई हळूच म्हणाली, “मला वाटलं, माझा रंग दिला की तिला कुणी काही विचारणार नाही.”

“पण मी बाबांसारखी पण आहे ना?” भिंगरीने विचारले.

आईने होकारार्थी मान हलवली आणि बाबांना फोन केला. भिंगरीने ती बोटे काढून ठेवली आणि हात पुन्हा खिशात घातला.

बाबा घरांना रंग देत. अंगावरच्या कामाच्या कपड्यांनिशी, कोपरापर्यंत चुन्याचे शिंतोडे घेऊन ते आले. सगळे ऐकून त्यांनी वर ट्यूबलाइटकडे पाहिले. “या उजेडात ठरवलंत? अहो, साध्या भिंतीला आम्ही तीनदा नमुना लावून बघतो, तोही दिवसाउजेडी. दिव्याखाली रंग थापा मारतो.”

मग सगळे खिडकीशी गेले. आईने आपला हात चौकटीवर ठेवला, बाबांनी शेजारी आपला गडद सावळा हात ठेवला. भिंगरीला मध्ये जागा दिसली. तिने खिशातला हात आपणहून बाहेर काढला आणि मधोमध ठेवून दिला. कारागिराने माझ्या सहाही चकत्या लावून पाहिल्या. एकही जुळेना. मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा माझे अपुरेपण कळले.

कारागिराने वाटीत नवा रंग कालवायला घेतला. भिंगरी स्टुलावर उभी राहून हुकूम सोडू लागली. “अजून थोडा बाबा घाला. बास. आता चिमूटभर आई.” मिस्त्रीकाका हसून म्हणाले, “बघा, आतापर्यंत तुम्ही नुसती आईच वाढत होता.”

मध्येच तिने माझी पहिली चकती उलटी केली. वाचायला ती नुकतीच शिकली होती. “नेहमीचा म्हणजे कुणाचा?” तिने विचारले.  कारागिराने नखाने ती चिठ्ठी खरवडून काढली.

रविवारी सुट्टी असूनही भट्टी पेटली, आणि त्याच नव्या रंगाची सातवी चकती माझ्या कडीत आली. सोमवारी भिंगरी नवी बोटे घालून शाळेत गेली. संध्याकाळी आई आभार मानायला आली आणि दारातच उभी राहून सांगू लागली, “आईचा जीव, दिवसभर धास्ती. शेवटी विचारलंच एका मुलीने, ही बोटं खरी आहेत का? तर ही म्हणाली, खरी नाहीत, पण माझी आहेत.”

त्या महिन्यात मिस्त्रीकाकांना नवा हात मिळाला. मोजा ते आमच्या बाकावरच विसरून गेले. त्यानंतर कारागीर आधी खुर्ची खिडकीशी ओढी, मग माणसाला बोलते करी आणि शेवटी मला हातात घेई. माझ्या कडीत चकत्या वाढत गेल्या. आज एकेचाळीस आहेत.

मग रंग मोजणारे यंत्र आले. ते माझ्यापेक्षा चोख मोजते, उगीच कशाला नावे ठेवू? पण ते क्षणात मोजते, आणि खुर्चीतल्या माणसाचे बोलणे राहून जाते. मी खणात गेलो. माझ्यावर धूळ साचली.

गेल्या महिन्यात भिंगरी आली होती. आता ती कारागिराहून उंच झाली आहे. तिने खण उघडला, मला आपल्या कुडत्याला पुसले आणि खिडकीशी नेऊन तिची चकती हाताशी धरली. आता ती जुळेना. उन्हातान्हात खेळून हात गडद झाला होता.

“आठवण म्हणून घेऊन जा ती,” कारागीर म्हणाला.

“राहू दे. कुणाला तरी जुळेल,” ती म्हणाली, आणि तिने मला खणात न ठेवता खिडकीतल्या खिळ्याला अडकवले.

मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. मला अधूनमधून पुसा आणि उजेडात असू द्या. आणि कुणाला कुठलाही रंग लावण्याआधी त्याला खुर्ची द्या, थोडा वेळ द्या, आणि त्याचे त्यालाच विचारा.