सत्त्याण्णवच्या पुढे

टण्ण! शिलाई मशीनवरून बॉबिन निसटली, फरशीवर आपटली आणि धागा सोडत थेट टेबलाखाली गेली. आईने श्वास रोखून पाळण्याकडे पाहिलं. बाळाने नुसतेच ओठ मुडपले आणि पुन्हा डोळे मिटले. सुटले, म्हणत ती वाकली, तर टेबलाखाली लेक गुडघ्यांत तोंड खुपसून बसलेली.

"मी उद्या शाळेत जाणार नाही."

"का गं चिमणे?"

"माझ्या आकड्याला कशानेच भाग जात नाही."

हळूहळू सगळं बाहेर आलं. बाईंनी गेल्या आठवड्यात प्रत्येकाला एक भलामोठा आकडा दिला होता. ज्या दोघांच्या आकड्यांना एकाच संख्येने भाग जाईल, त्यांचा एक बाक. भराभर जोड्या जमल्या. उरले दोघंच: दारापाशी ही, दहा हजार चारशे तीनवाली, आणि खिडकीपाशी गप्पू, जो वर्गात कुणाशी चार शब्दही बोलत नाही. त्याचा आकडा दहा हजार आठशे सात. उद्या बाक कायमचे ठरणार.

"एकने तर सगळ्यांनाच भाग जातो की!"

"एक चालत नाही. बाई म्हणाल्या, तो सगळीकडेच लुडबुडतो."

"मग तुम्ही दोघं उरलेले बसा एकत्र."

"आमच्यात सारखं काही नाही ना!"

शिवायला घेतलेले उशांचे अभ्रे राहिले बाजूला. आईने बेतायचा कागद पसरला, खडू घेतला. शाळेतून आलेला मूळ संख्यांचा तक्ता समोर धरला आणि एकेकीला कामाला लावलं. तीनने हात वर केले. सातने एक बाकी ठेवली. सतराने तर हातातोंडाशी आलेला घास पळवला, बाकी सोळा! अजून एक असता तर? सत्त्याण्णवपर्यंत कागद पांढराफटक झाला आणि तिचं डोकं गरगरायला लागलं. आकडा कसला, नारळच तो, फुटायला तयार नाही.

"नाही गं जात," ती खडू ठेवत म्हणाली.

"सत्त्याण्णवलाच का थांबलीस?"

"तक्ता तिथंच संपतो."

"आकडे पण तिथंच संपतात?"

हे आईच्या ध्यानातच आलं नव्हतं. वर्गातही बहुधा कुणाच्या आलं नव्हतं. कुठं थांबायचं असतं, ते तरी कुणाला ठाऊक? तिने पुन्हा खडू उचलला. तक्त्याच्या कुंपणाबाहेरचा पहिलाच, एकशे एक. एकशे एक गुणिले एकशे तीन... बाकी शून्य! तिने दोनदा पडताळलं. भाग जात होता, पण आपण नेमकं काय केलं, हे तिचं तिलाच उमगेना.

"आता गप्पूचा कर!"

एकशे एक गुणिले एकशे सात. दहा हजार आठशे सात. पुन्हा शून्य.

पोर उड्या मारत सुटली. "आम्ही एका बाकावर! एका बाकावर!" बाळ जागं होऊन रडायला लागलं. आईने त्याला खांद्यावर घेतलं, तशी लेक एकदम थबकली.

"आई, हा एकशे एक आमच्यात पहिल्यापासूनच होता?"

"होता."

"मग इतके दिवस आम्ही एकटे होतो, की नव्हतो?"