कोशिंबिरीतलं मीठ

मित्रांनो, मी एक जुनी किसणी आहे. माझे दात झिजले आहेत. आता माझ्यावरून बोट फिरवलं तरी ओरखडा उठत नाही, आणि मलाही फारसं काही जाणवत नाही. तरी माझी गोष्ट सांगते.

कामठीच्या बाजारात शालिकराम नावाचे टिनवाले बसत. तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून, त्याला मागून खिळ्याने भोकं पाडून त्यांनी मला घडवलं. प्रत्येक भोकाला दुसऱ्या बाजूने दात फुटला. यमुताईंनी मला तिथून उचललं आणि कोराडीच्या कॉलनीत आणलं. तेव्हा तिथलं वीजघर नवं होतं आणि त्यांचे यजमान मारोतराव तिथे फिटर होते.

त्या घरात रोज कोशिंबीर व्हायची. आधी पत्ताकोबी बारीक चिरायची, मग गाजर आणि मुळा माझ्यावर किसायचा. बीट अगदी शेवटी, नाहीतर ते सगळ्यांना आपल्या रंगात ओढतं. वरून दाण्याचा कूट, लिंबू, हिरवागार सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, आणि मोहरी-मिरचीची फोडणी. मारोतराव जेवताना कोशिंबिरीबरोबर माझंही कौतुक करायचे. किसणीचं कौतुक करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

मीठ मात्र यमुताई हातात धरून थांबायच्या. आधी टाकलं की भाज्यांना पाणी सुटतं आणि कोशिंबीर मलूल पडते. फाटकापाशी मारोतरावांच्या सायकलची घंटी वाजली, की ती चिमूट परातीत पडायची.

एका उन्हाळ्यात कावीळ झाली आणि मारोतराव गेले. सुतकात घरात फोडणी द्यायची नाही अशी त्यांच्याकडे रीत होती. मी खुंटीवर लटकून राहिले. मला रडू आलं नाही; पत्र्याला कुठून येणार? यमुताईही रडल्या नाहीत. सुतक फिटल्यावर त्यांनी गाजर घेतलं आणि किसायला बसल्या. बोट सोललं गेलं तरी हात थांबला नाही. कोशिंबीर झाली, फोडणी पडली. मीठ पडलं नाही.

पुढे रोज तसंच. त्यांची शाळकरी लेक अरुंधती अळणी कोशिंबीर तशीच खायची. यमुताई तिला वाढून परातीवर फडकं टाकायच्या आणि स्वतः मागाहून कोरडी पोळी खायच्या. एकदा शेजारच्या इंदुताई जेवायला होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "यमू, मीठ राहिलं वं."

"टाकतो ना," यमुताई म्हणाल्या. "अजून येवाचे हायेत."

अरुंधतीचा घास हातातच राहिला. बाबांच्या मागे आईही अशीच निघून जाईल, घरात असून नसल्यासारखी, अशी भीती तिला वाटली. त्या दिवशी तिने मला राखेने फार वेळ घासलं. मी स्वच्छ झाले होते, तरी घासतच राहिली.

पुढच्या वर्षी तिची शाळा लांबची झाली. मागच्या अंगणात मारोतरावांची सायकल धूळ खात उभी होती, ती तिने पुसून घेतली. पहिल्याच दिवशी ती परत आली तेव्हा फाटकात एक बकरी आडवी बसली होती. तिला उठवायला अरुंधतीने घंटी वाजवली.

आत यमुताई बीट किसत होत्या. हात थांबला. तो आपोआप बरणीकडे गेला, आणि चिमूटभर मीठ परातीत पडलं.

दारात अरुंधती उभी होती. यमुताई तिच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्यासमोरच, लाल झालेल्या हातांनी तोंड झाकून त्या रडल्या. खूप रडल्या. शेवटी पदराने डोळे पुसले आणि दोन ताटं घेतली.

"बस वं पोरी," त्या म्हणाल्या. "मीठ पडलं. आता थांबलो तर पाणी सुटन."

आता घरात स्टीलची किसणी आहे आणि मी वरच्या फळीवर असते. मित्रांनो, आम्हाला ओलं टाकू नका, पुसून ठेवा. गंज आम्हाला खातो. आणि घरी येताना फाटकापाशी घंटी वाजवत जा. आत कोणीतरी मीठ हातात धरून उभं असतं.