रिकामी टाचणी

"डोक्यातला कोंडा बरा, झटकला की जातो तरी," टेबलावरच्या पेट्या सरकवत सासूबाई पुटपुटल्या. "तुमच्या पतंगांपायी ताट ठेवायला जागा नाही."

सून मान वर न करता हसली. संग्रहालयाच्या कीटकविभागात बत्तीस वर्षं काढून सासरे निवृत्त झाले, ते अर्धा विभाग घरी घेऊनच. आता त्यांचं बारीक पतंगांचं पुस्तक होत होतं आणि चित्रं ती काढत होती. पहिल्या पानासाठी त्यांनी एकच ओळ दिली होती : 'यातला प्रत्येक पतंग मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहिला आहे.' ती ओळ आली की हल्ली सून पान पटकन उलटायची. त्यांच्या हातून चुकीच्या पेटीत गेलेल्या नावांच्या चिठ्ठ्या ती गुपचूप जागेवर लावायची. सासूबाई चहाचा कप समोर न ठेवता थेट नवऱ्याच्या हातात द्यायच्या. बोलायचं मात्र कुणीच नाही.

आज शेवटचा पतंग. सासऱ्यांनी त्याची टाचणी भिंगाखाली धरली.

"हा पठ्ठ्या तिळाहून जरासा मोठा. पंख राखेच्या रंगाचे, पण विझलेली राख नव्हे हं, कडेला तांबूस धग. मधे तीन पांढरे ठिपके. तिसरा जरा फटकून, रुसलेल्या जावयासारखा. मागच्या पंखांना पापण्यांसारखी झालर."

"आणि सापडतो कुठे, बाबा?"

"समुद्रकाठच्या झुडपांपासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत. नदी मात्र ओलांडत नाही. पलीकडे तीन उन्हाळे शोधला, एक दिसेल तर शपथ. एवढासा जीव, पण हद्द पाळतो."

तिची पेन्सिल थांबली. देवाचंसुद्धा कुणी इतक्या मायेनं सांगत नाही, तिला वाटलं. ताडून बघायला ती भिंगावर वाकली.

टाचणीवर काहीच नव्हतं.

पतंग त्यांच्या बाहीजवळ टेबलक्लॉथवर पडला होता. तिनं श्वास रोखून भिंग तिकडे नेलं. राख, धग, झालर, तीन ठिपके. तिसरा फटकून.

"जुळतंय का, सूनबाई?"

"सगळं जुळतंय, बाबा. जावईसुद्धा."

ते खूश होऊन रिकामी टाचणी अलगद फिरवत राहिले. ताटं घेऊन आलेल्या सासूबाईंनी ती पाहिली, टेबलावरचा पतंग पाहिला. ताटं त्यांनी खुर्चीवरच ठेवली आणि नवऱ्याचा टाचणीचा हात धरला.

"अहो, पतंग खाली पडलाय. तुम्हाला दिसत नाही आता."