पोटात गेलेला भंडारा

मी एक जुना रेडिएटर आहे. तांब्या-पितळेचा, अस्सल! आजकालच्या ॲल्युमिनियमच्या पोरांनी माझ्यापुढे मिजास करू नये. सिराजोद्दीन चाचांच्या ट्रकच्या पुढच्या जाळीच्या आड मी बसलेलो असतो. इंजिनात तापलेलं पाणी माझ्याकडे येतं, मी त्याचा ताप वाऱ्यावर सोडतो आणि थंड पाणी परत पाठवतो. भोंगा गावभर ऐकू जातो, माझं काम कोणाला दिसतही नाही. पण मित्रांनो, मी रुसलो तर ड्रायव्हरला नुसता भोंगा वाजवत बसावं लागेल.

माझे पहिले मालक अण्णासाहेब. माणूस दिलदार, पण मला तहान लागली की ओढ्याचं, बोअरचं, मिळेल ते पाणी पाजायचे. खाऱ्या पाण्याचा थर माझ्या नळ्यांत बसला, किटलीच्या बुडाशी बसतो तसा. पुढे चाचांनी ट्रक घेतला आणि माझे दिवस पालटले. रोज सकाळी इंजिन गार असताना ते झाकण उघडून पाहतात. माझ्या सोबतीला तेल थंड करणारा कूलर आहे. तो आतून फुटला की पाण्यावर तेलाचा तवंग येतो. तवंग दिसला की चाचा गाडी हलवतच नाहीत. कापसाच्या हंगामात माझ्या बारीक पत्र्यांत कापूस अडकतो. तोही ते इंजिनाच्या बाजूने हवा मारून बाहेर काढतात. मला तर वाटतं, एवढी निगा नव्या नवरदेवाचीही होत नसेल.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगतो. आष्टीच्या सुगंधाबाईंच्या मेंढ्या वडीगोद्रीकडच्या एका शेतात खतासाठी बसवायच्या होत्या. कोकरं अगदी लहान, उन्हात चालवणं शक्य नव्हतं, म्हणून आमचा ट्रक ठरला. सकाळी चाचांनी झाकण उघडलं, तर खालच्या रबरी पाइपातून थेंब गळताना दिसले. क्लिप सैल झाली होती. झाकण उघडंच ठेवून ते नवी क्लिप आणायला दुकानात गेले.

सुगंधाबाई माझ्यापाशी आल्या. गळणारे थेंब पाहून त्यांचा जीव कळवळला. कमरेचा बटवा सोडून त्यांनी त्यातला देवाचा भंडारा मूठ-मूठ माझ्या पोटात ओतला आणि हात जोडले. मला मेल्याला बोलता येत नाही! चाचा आले, त्यांनी क्लिप बसवली, गळती थांबली. झाकण लावून आम्ही निघालो.

तीर्थपुरी मागे पडली आणि माझा दम कोंडू लागला. आधीच अरुंद झालेल्या नळ्यांत हळदीचा गाळ बसला होता. तापमानाचा काटा वर चढला. चाचांनी गाडीचा वेग कमी केला.

"चाचा, थोडंच राह्यलंय, जाऊ द्या ना तशीच!" सुगंधाबाईंचा मुलगा बिभीषण म्हणाला.

"बिलकुल न्हाई," चाचा म्हणाले. "इंजन बसलं तर ही कोकरं भर उन्हात गाडीतच मरतील. झाड दिसून राह्यलंय, तिथं थांबू."

लिंबाखाली ट्रक थांबला. बिभीषण झाकण उघडायला धावला, तसा चाचांनी त्याचा हात पकडला. "गरम झाकण उघडलं तर तोंड भाजंल, बेटा. आधी मेंढ्या उतरव." फळी लावून सगळ्या मेंढ्या सावलीत उतरवल्या. एक कोकरू मान टाकून पडलं होतं. सुगंधाबाईंनी त्याला मांडीवर घेतलं आणि ओल्या पदराने त्याचं तोंड पुसत राहिल्या. बऱ्याच वेळाने ते उठलं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

चाचांनी फोन केला, तसा वडीगोद्रीचा रेडिएटरवाला अतिक आला. मी गार झाल्यावर त्याने मला सोडवून खाली घेतलं आणि खालच्या तोंडातून उलटं पाणी सोडलं. पिवळाधमक गाळ बाहेर आला. अतिक हसला, "चाचा, रेडिएटरात आमटी केली का?"

सुगंधाबाईंचं तोंड उतरलं. "म्याच टाकला भंडारा. हळदीनं गळती थांबती म्हणत्यात, अन् ही तर देवाची हळद. माझ्यापाई लेकरं मेली असती, सिराजभाऊ."

चाचांनी अतिककडे असं पाहिलं, की त्याचं हसू विरलं. मग त्यांनी लिंबापासून बाजूला खड्डा खणला, ते पिवळं पाणी त्यात ओतलं आणि माती लोटली. "कोणाचा पाय पडणार न्हाई, आन् मेंढ्याबी चाटणार न्हाईत," ते म्हणाले. "भंडारा कपाळाला लावा, बाई. याला फकस्त साफ पाणी आन् कूलंट लागतं."

अतिकने मला जागेवर बसवून साफ पाणी भरलं आणि उन्हं कलल्यावर आम्ही वडीगोद्रीला पोचलो. काटा जागचा हलला नाही. सगळी कोकरं आपापल्या पायांनी उतरली. जुना आहे, पण नाव राखलं मी!

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया करा, पण त्यांना काय हवं ते आधी विचारा. यंदा आम्ही पुन्हा आष्टीला गेलो, तेव्हा सुगंधाबाई फिल्टरच्या पाण्याची कळशी कमरेवर घेऊन उभ्या होत्या. इंजिन गार होईपर्यंत त्या थांबल्या. मेंढ्या तहानेने ओरडत होत्या.

"थांबा गं," त्या म्हणाल्या, "आधी ह्याला पिऊ द्या."